रक्ताचा तराजू

वसुबारसेला सवत्स गाईची पूजा करून आपली दिवाळी सुरू होते. घरची सुवासीण गाईच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला हळदकुंकू लावते, घास भरवते. आणि वर्षातून एक दिवस का होईना, घरातली सारी माणसे त्या मुक्या जिवाकडे डोळे भरून पाहतात. आमच्या नाणे मावळात अजून गोठे आहेत, त्यामुळे वडिवळ्यासारख्या गावात ही पूजा चित्रातल्या गाईची होत नाही, खऱ्याखुऱ्या गाईची होते. पण ती गाय आजारी पडली की मोठी पंचाईत. माणूस वैद्याला सांगतो, "इथे दुखते, काल रात्रीपासून दुखते, उजव्या कुशीवर झोपले की जास्त दुखते." गाय चारा टाकते, कान गार पडतात, मान कुशीत घालून बसून राहते. याच्या पलीकडे तिच्याजवळ भाषा नाही.

म्हणून माणसाने गेल्या दीडशे वर्षांत तिच्या रक्ताला बोलते करण्याची खटपट चालवली आहे. आज तालुक्याच्या गावी पशुवैद्याच्या टेबलावर रेडिओएवढे एक यंत्र असते. त्यात रक्ताचा थेंब घातला की दहापंधरा मिनिटांत कॅल्शियम किती, साखर किती, युरिया किती, सारे आकडे कागदावर छापून बाहेर येतात. लोकांना त्याचे फार कौतुक वाटते आणि ते वाटण्याजोगेच आहे. मात्र रक्ताची ही साक्ष खरी की खोटी, याची उलटतपासणी कोणी घ्यायची, या प्रश्नाचाही एक इतिहास आहे. यंत्राच्या इतिहासापेक्षा मला तोच अधिक रंजक वाटतो. त्याचा आरंभ आमच्या उंबऱ्याशी, म्हणजे पुण्याला झाला.

पुण्यात १८६२ साली लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली होती. सरकारची सारी मदार तेव्हा घोड्यावर आणि बैलावर. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली वर चढली, त्याआधी कोकणातला माल घाटावर आणायचा तो बैलाच्या खांद्यावरून. आणि या बैलांवर वर्षांमागून वर्षे धाड पडे ती बुळकांडीची. गावात बुळकांडी शिरली की आठवड्याभरात दावणी मोकळ्या होत. कर्नल हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७१ साली आला. इंग्रज सरकारच्या अहवालांचे नशीब नेहमीप्रमाणे कपाटात निजण्याचे, पण या अहवालातून पुढे काही निघाले खरे. १८८६ च्या ऑगस्टात मुंबईला परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजात 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' उघडली. संगमाजवळचे ते कॉलेज पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि आता तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. जनावरांच्या रोगांचा शास्त्रीय शोध घेणारी हिंदुस्थानातली ही पहिली सरकारी प्रयोगशाळा. डॉक्टर आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. रोगजंतूंची ही धोक्याची कामे भर वस्तीत नकोत म्हणून १८९३ साली तिचा मुक्काम हिमालयात, कुमाऊंमधील मुक्तेश्वरला हलला. आज इज्जतनगरला जी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, तिचे बारसे असे पुण्यात झालेले आहे. पुणेकरांनी ज्या गोष्टींचा अभिमान बाळगायचा, त्यांच्या यादीत ही कधी ऐकू येत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

लिंगार्ड यांनी ज्या रोगांच्या मागे पिच्छा पुरवला त्यांतला एक घोड्यांचा सर्रा. त्यांचा त्यावरचा अहवाल १८९३ साली मुंबईत छापला गेला. सर्रा झालेल्या घोड्याला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो; पाय सुजतात, रक्त पाण्यासारखे पातळ होत जाते आणि खात्यापित्या घोड्याचा सापळा होतो. या रोगाचे कारण ग्रिफिथ एव्हन्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली पंजाबच्या सरहद्दीवर डेरा इस्माईल खान येथे शोधून काढले होते. आजारी घोड्यांच्या व उंटांच्या रक्ताचा थेंब त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यात अळीसारखे वळवळणारे सूक्ष्म जीव त्याला दिसले. हेच रोगाचे मूळ, असे त्याने कळवले. वरिष्ठांनी मान हलवली नाही. त्यांच्यापाशी आधारही होता. दोनच वर्षांपूर्वी, १८७८ साली, कलकत्त्याला टिमथी लुईस यांनी उंदरांच्या रक्तात असेच जीव पाहिले होते आणि ते उंदीर चांगले धडधाकट होते! मग उंदराला जे बाधत नाही ते घोड्याला कसे बाधेल?

एव्हन्सचे म्हणणे पुढे खरे ठरले. त्या जंतूला त्याचेच नाव मिळाले. या जुन्या वादात आजच्या यंत्रांचाही अर्धा प्रश्न दडलेला आहे, म्हणून तो इतका सविस्तर सांगितला. रक्तात काय दिसले एवढ्याने भागत नाही. ते कोणाच्या रक्तात दिसले, हेही विचारावे लागते.

सूक्ष्मदर्शकाने रक्तातले जीव दिसू लागले, पण रक्तात विरघळलेले क्षार आणि साखर काही डोळ्यांनी दिसत नाहीत. ती मोजावी लागतात. जनावरांच्या बाबतीत या मोजणीने पहिला मोठा विजय मिळवला तो दुग्धज्वराच्या प्रकरणात. नाव ज्वर असले तरी यात ताप नसतो, उलट अंग गार पडते. भरपूर दूध देणारी गाय व्याली की एकदोन दिवसांत लटपटते, खाली बसते, मान कुशीकडे वळवते आणि उपाय झाला नाही तर गुंगीतच जाते. एकोणिसाव्या शतकात युरोपात अशा निम्म्याहून अधिक गाई दगावत. १८९७ साली डेन्मार्कमधील कोल्डिंगच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याला वाटले की कासेत काही विष तयार होत असावे. ते मारण्यासाठी त्याने कासेत औषधी पाणी भरले. गाई उठू लागल्या. मग कोणीतरी नुसती हवा भरून पाहिली. त्यानेही गाई उठल्या! औषध लागू पडले आणि त्यामागचा तर्क मात्र साफ चुकीचा, असा हा चमत्कार पंचवीस-तीस वर्षे चालला.

खरे कारण १९२५ साली उलगडले. एडिंबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी म्हटले की हा कॅल्शियमचा तुटवडा असावा. त्याच वर्षी लिट्ल आणि राइट यांनी आजारी गाईंचे रक्त मोजून दाखवले, की कॅल्शियम खरोखरच खाली गेलेले असते. हिशेब सोपा आहे. व्यालेल्या गाईने दहा लिटर चीक दिला तर त्यातून वीस-तेवीस ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते, आणि तिच्या साऱ्या रक्तद्रवात ते एका वेळी असते जेमतेम तीन ग्रॅम. हाडांतून वेळेवर भरणा झाला नाही तर गाय बसणारच. कासेत हवा भरली की दाबाने दूध उतरायचे थांबे आणि कॅल्शियम रक्तातच राही, एवढेच त्या चमत्काराचे गुपित. पुढे शिरेतून कॅल्शियम देण्याची पद्धत आली. मेल्यासारखी पडलेली गाय घटकाभरात उठून चारा मागते, हे ज्याने पाहिले आहे तो जन्मभर विसरत नाही.

त्या काळी ही मोजणी म्हणजे दिवसभराचे काम होते. क्रेमर आणि टिस्डॉल यांच्या १९२१ च्या पद्धतीत रक्तद्रवातले कॅल्शियम आधी साक्याच्या रूपाने तळाशी बसवायचे, तो साका धुवायचा, विरघळवायचा आणि मग पर्मँगनेटचे जांभळे पाणी थेंबथेंब सोडत राहायचे. ज्या थेंबाला गुलाबी रंग टिकला त्या थेंबाशी थांबायचे. कोणाला गुलाबी लवकर दिसतो, कोणाला उशिरा. सकाळच्या उजेडात वेगळा, कंदिलाच्या उजेडात वेगळा. म्हणजे गाईचे कॅल्शियम किती, हे काही अंशी मोजणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून!

ही शंका पुष्कळांना होती. १९४७ साली अमेरिकेत बेल्क आणि संडरमन या दोघांनी ती उघड्यावर आणली. त्यांनी एकाच द्रवाचे भाग पाडले आणि पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांच्या एकोणसाठ प्रयोगशाळांकडे तपासायला धाडले. द्रव एक, म्हणजे उत्तर एक यायला हवे. आमच्या शाळेत एकच गणित एकोणसाठ मुलांना घातले तर जी तऱ्हा होईल तीच तेथे झाली. समाधानकारक उत्तरांपेक्षा असमाधानकारक उत्तरेच अधिक निघाली. ही माणसांची इस्पितळे होती, तीही अमेरिकेतली, हे ध्यानात घ्या. जनावरांच्या दवाखान्यांची अशी परीक्षा घ्यावी हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

यावर उपाय आला तो कारखान्यातून. वॉल्टर शूहार्ट हे बेल टेलिफोनच्या कारखानदारीत काम करणारे गणिती. एकाच साच्यातून निघणाऱ्या वस्तूही तंतोतंत सारख्या नसतात. थोडाफार फरक हा व्हायचाच. मग नेहमीचा फरक कोणता आणि बिघाडाचा कोणता हे ओळखायचे कसे? १९२४ साली त्यांनी एक साधा आलेख काढून दाखवला. मधोमध सरासरीची रेघ, वरखाली मर्यादेच्या दोन रेघा, आणि रोजच्या मापाचा एकेक ठिपका. ठिपके रेघांच्या आत इकडेतिकडे विखुरलेले असले की काम ठीक. बाहेर गेले की यंत्र थांबवून पाहा. हेच शूहार्ट १९४७-४८ मध्ये महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून आपल्या देशात येऊन गेले. कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था तेव्हा सोळा वर्षांची होती आणि स्वातंत्र्य अवघ्या काही महिन्यांचे. देशात निर्वासितांचे तांडे चाललेले असताना काही माणसे गुणनियंत्रणाचा विचार करीत होती, हे वाचले की त्या पिढीविषयी आदर वाटतो.

१९५० साली लेव्ही आणि जेनिंग्स यांनी हा कारखान्यातला आलेख रक्ताच्या प्रयोगशाळेत आणला. युक्ती अशी, की ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा रक्तद्रव रोग्याच्या नमुन्यांबरोबर रोज तपासायचा. त्याला आता 'कंट्रोल' म्हणतात. त्याचे उत्तर बरोबर आले तर बाकीच्यांची उत्तरे विश्वासाची.

आपल्या बाजारात हे जुन्या माणसांना नवे नाही. धान्य घ्यायला गेलेली म्हातारी आधी रिकामी पारडी पाहते. एक पारडे थोडे खाली असेल तर त्याला पासंग म्हणतात. पासंगाच्या तराजूत शंभर वेळा तोलले तरी शंभर वेळा तीच चूक होते. तराजू बिचारा अगदी नेमाने चुकतो. दुसरा दोष काट्याच्या थरथरीचा. एकच पायली भात तीनदा तोलला तर तीन वजने येतात. रक्ताच्या यंत्राचेही हेच दोन दोष, आणि कंट्रोलच्या आलेखावर दोन्ही वेगवेगळे दिसतात. थरथर असेल तर ठिपके रेघेच्या दोन्ही बाजूंना लांबलांब उडतात. पासंग असेल तर ते सगळे एकाच बाजूला, गोठ्यातल्या गाईंसारखे एका ओळीत बसतात. १९८१ साली वेस्टगार्ड यांनी ठिपके कसे वाचायचे याचे नियमच घालून दिले. एक ठिपका अगदी बाहेरच्या मर्यादेपलीकडे गेला तर थांबा. लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूच्या आतल्या मर्यादेबाहेर पडले तर थांबा. आणि दहा ठिपके ओळीने एकाच बाजूला पडले तर, ते मर्यादेच्या आत असले तरीसुद्धा, थांबा.

मधल्या काळात यंत्रेही बदलली. अमेरिकेतल्या लिओनार्ड स्केग्ज यांचे यंत्र १९५७ साली बाजारात आले. एका बारीक नळीतून एकामागून एक नमुने वाहत जायचे आणि एकाचे दुसऱ्यात मिसळू नये म्हणून मध्ये हवेचे बुडबुडे सोडलेले. मला ही बुडबुड्यांची कल्पना फार आवडते. त्यानंतर १९८० च्या सुमारास ओल्या रसायनांऐवजी कोरड्या टिकल्या आल्या. तिकिटाएवढ्या टिकलीवर रसायनाचे पातळ थर आधीच चढवलेले असतात. त्यावर रक्तद्रवाचा बारीकसा थेंब पडला की रंग बदलतो आणि तो रंग यंत्राचा डोळा मोजतो. आता गुलाबी कोणाला कधी दिसला हा वाद मिटला. प्रयोगशाळेत जी कामे पाचसहा शिकलेली माणसे करीत, ती पशुवैद्याच्या टेबलावर आली.

येथेच एक गोची झाली. मोठ्या प्रयोगशाळेत आलेख काढायला, कंट्रोल लावायला माणूस ठेवलेला असतो. दवाखान्यातला पशुवैद्य सकाळी लाळ्या-खुरकुताची लस टोचून येतो, दुपारी अडलेली म्हैस सोडवतो आणि संध्याकाळी कुत्र्यामांजरांची रांग पाहतो. ठिपके काढायचे कोणी? यंत्र विकणारा सांगतो, 'यात सगळे आपोआप होते.' आपोआप होते ते मोजणे. मोजलेले खरे आहे की नाही ही परीक्षा कोणी तरी मुद्दाम घ्यावी लागते. पशुवैद्यकातील प्रयोगशाळा-निदानतज्ज्ञांची संघटना अमेरिकेत १९६५ साली स्थापन झाली. दवाखान्यातल्या यंत्रांनी कोणत्या तपासणीत किती चूक केली तर चालेल, याचे मार्गदर्शन तिने २०१३ साली प्रसिद्ध केले. म्हणजे टेबलावर यंत्रे आल्यावर कितीतरी वर्षांनी.

शिवाय लुईसच्या उंदराचा आणि एव्हन्सच्या घोड्याचा जुना वाद येथे पुन्हा उभा राहतो. माणसासाठी बनवलेल्या यंत्रात जनावराचे रक्त घातले तर काय काय होते पाहा. चारा सोडलेल्या घोड्याचे रक्तद्रव पिवळे पडते; यकृत ठणठणीत असले तरी पडते. माणसांच्या प्रयोगशाळेतला मनुष्य त्याला खुशाल कावीळ म्हणेल. शेळीच्या तांबड्या पेशी माणसाच्या पेशींच्या निम्म्याहूनही लहान. माणसासाठी लावलेले मोजणीयंत्र त्या धड मोजतच नाही. घरोघरी मधुमेह्यांकडे साखर पाहण्याचे जे छोटे यंत्र असते, त्यावर कुत्र्याची साखर बहुधा असते त्याहून कमी दिसते, कारण कुत्र्याच्या रक्तात साखरेची पेशींत आणि द्रवात वाटणी निराळी. तो आकडा खरा मानून उपाय केले तर काय होईल ते सांगायला नको. आणि आमच्या मावळातली गंमत म्हणजे शर्यतीचा बैल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिल्यापासून घाट पुन्हा गाजू लागले आहेत. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी त्या बैलाचे रक्त तपासले तर स्नायूंची एन्झाइमे चढलेली दिसतात. ती त्याच्या मेहनतीची खूण. त्याला रोगी ठरवू नये.

आणखी एक हिशेब, शाळामास्तराच्या सवयीने सांगतो. 'निरोगी' म्हणून छापलेली मर्यादा ही शंभर निरोगी जनावरांपैकी पंचाण्णवांना धरून ठरवलेली असते. उरलेली पाच निरोगी असूनही बाहेर. आता एका धडधाकट गाईच्या वीस निरनिराळ्या तपासण्या केल्या, आणि त्या एकमेकींशी बांधलेल्या नाहीत असे धरले, तर निदान एक आकडा मर्यादेबाहेर पडण्याचा संभव शंभरात चौसष्ट येतो. यंत्र पूर्ण बरोबर असूनही! कागदावर एक आकडा ठळक छापून आला की घरमालकाच्या तोंडचे पाणी पळते. त्या वेळी हे चौसष्ट आठवावेत.

हे सारे आमच्या भागाला कधी लागू झाले ते सांगितले पाहिजे. पूर्वीच्या आमच्या गावठी गाई दूध देत तेवढे वासराला आणि घरच्या चहाला पुरे. त्यांना दुग्धज्वर सहसा ठाऊक नव्हता. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. जर्सी आणि होल्स्टिन जातीच्या संकरित गाई पुणे जिल्ह्यात गोठोगोठी गेल्या. दुधाने घरे सावरली, मुलांची शिक्षणे झाली. पण चरवी भरून दूध आले त्याबरोबर कॅल्शियमचा तो जुना डेन्मार्कचा हिशेबही आला. कामशेतच्या दूधगाडीवर ज्यांचा संसार चालतो त्यांच्या घरी व्यालेली गाय बसली, तर नुसती गाय बसत नाही.

आमच्या शेजारच्या आबांची चांदणी अशीच बसली. पहिलारू नव्हे, तिसऱ्या वेताची. वासरू मोठे होते, ओढून काढावे लागले होते. रात्री तिला शिरेतून कॅल्शियमच्या दोन बाटल्या दिल्या, तरी ती उठली नाही. सकाळी कोणी तरी जाणत्याने रक्त काढून पाठवले आणि दुपारी एका प्रयोगशाळेतून कागद आला. कॅल्शियम जवळजवळ नाहीच, आणि पोटॅशियम नेहमीच्या चौपट. आबा कागद घेऊन पशुवैद्याकडे धावले; मी बरोबर होतो.

"डॉक्टरसाहेब, अजून एक बाटली सोडा. कागदावरच लिहिलंय, कॅल्शियम संपलंय."

डॉक्टर तरुण आहेत, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "आबा, एवढे आकडे खरे असते तर तुमची गाय आत्ता जिवंत नसती. रक्त घेतलं त्या नळीचं टोपण कुठल्या रंगाचं होतं?"

"जांभळं."

मग त्यांनी सांगितले ते असे. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन घातलेले असते, ते नेमके कॅल्शियमच धरून ठेवते, आणि ते स्वतः पोटॅशियमचे लवण असते. पेशी मोजायला ती नळी उत्तम. कॅल्शियम मोजायला तिच्यासारखी फसवी दुसरी नाही. यंत्राने जे समोर आले तेच मोजले होते. डॉक्टर गोठ्यात आले, लाल टोपणाच्या नळीत नव्याने रक्त घेतले, लगेच नेऊन तपासले. कॅल्शियम ८.६ मिलिग्रॅम. निरोगी गाईचे साधारण ९ ते १० असते. म्हणजे थोडे कमी, पण गाय बसावी इतके नाही. वासरू ओढताना मागच्या पायाची शीर दबली होती, हे खरे दुखणे. आधीच्या दोन बाटल्यांवर तिसरी घाईने शिरेत गेली असती तर चांदणीचे हृदय बंद पडण्याचा धोका होता. तिच्याखाली पेंढ्याचा जाड बिछाना केला. वहिनी आणि आबा दर दोनतीन तासांनी तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवीत, रात्रीसुद्धा. चौथ्या दिवशी सकाळी ती मागचे पाय थरथरवीत उभी राहिली.

मावळातल्या पावसाळ्यात तर नमुन्याचे आणखी हाल. फुटलेल्या रस्त्यावरून मोटारसायकलच्या डिकीत नळी गदगदा हलली की पेशी फुटतात. द्रव पेशींपासून वेगळा न करता तसाच ठेवला तर पेशी त्यातली साखर खात बसतात, दर तासाला शंभरात पाचसात भाग. तीन तास उशीर झाला की धडधाकट गाईची साखरही कमी दिसायला लागते. म्हणून पशुवैद्य मंडळी साखरेसाठी फ्लोराइडची निराळी नळी वापरा म्हणून सांगून थकतात. औंधला राज्य सरकारचा रोग अन्वेषण विभाग आहे. अवघड निदानासाठी नमुने तिकडे जातात, पण तेथवर नमुना धड पोहोचणे हे सगळे वाटेत कोण कसे सांभाळतो यावर आहे.

चांदणीच्या प्रकरणानंतर डॉक्टरांच्या दवाखान्यात माझे जाणेयेणे वाढले. त्यांच्या यंत्राशेजारी आलेखाच्या कागदाची एक वही असते. कंट्रोलची कुपी महाग, उघडली की थोडेच दिवस टिकते, त्यामुळे रोज ती लावणे त्यांना परवडत नाही. आठवड्यातून दोनदा, शिवाय टिकल्यांची नवी पेटी फोडली की आणि यंत्र जागचे हलवले की, असा त्यांनी नेम केला आहे. मी नववीच्या वर्गाला आलेख शिकवत होतो, म्हणून त्यांच्या परवानगीने कॅल्शियमच्या कंट्रोलचे आकडे उतरवून आणले आणि मुलांना ठिपके काढायला सांगितले. एक मुलगा, त्याच्या घरी चार गाई आहेत, वही घेऊन पुढे आला.

"गुरुजी, हे सगळे ठिपके रेघेच्या खालीच चाललेत."

मोजले. जूनच्या अखेरीपासून अकरा ठिपके ओळीने रेघेखाली. एकही मर्यादेबाहेर नाही, म्हणून यंत्राने चकार शब्द काढला नव्हता. संध्याकाळी ती वही मी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी शोध घेतला तेव्हा असे दिसले की टिकल्यांची पाकिटे थंड पेटीतून काढल्याबरोबर लगेच फोडली जात होती. मावळातली आषाढातली हवा. थंड टिकलीवर दव धरत होते. त्यांनी ती पेटी बाजूला ठेवली, नवी आणली, पाकीट न फोडता खोलीच्या उबेला येऊ दिले आणि मग कंट्रोल लावला. ठिपका रेघेच्या थोडासा वर पडला, पुढचा थोडासा खाली.

आता त्या वहीत ठिपक्यांच्या खाली आणखी एक ओळ असते. पाकीट किती वाजता बाहेर काढले आणि किती वाजता फोडले, याची.